फलाटावरचा हुरडा

ज्वारीच्या कणसात दूध भरलं की आमच्या गावच्या रस्त्याला मोटारी लागतात. जालन्याहून, परभणीहून माणसं हुरडा खायला येतात. माझ्या पुतण्याने शेतात मांडव घातला आहे आणि फाट्यावर मोठा फलक लावला आहे. त्यावर कणसाला डोळे आणि हसरं तोंड काढलंय. माणसं बाजेवर बसून फोटो काढतात, आगटीच्या धुराने डोळे चोळतात आणि ‘किती शांत आहे ना इथं’ असं फार मोठ्याने म्हणतात. पुतण्या मला दर साली बोलावतो. म्हणतो, “काकू, तुमी नुसतं आगटीपाशी येऊन बसा. शहरातल्या लोकायला म्हातारं माणूस दिसलं की बरं वाटतं.” मी म्हणते, मी काय बुजगावणं आहे का? तरी जाते. चार कणसं चोळते, सूप कुणाच्या तरी हातात देते आणि दहा वाजले की उठते.

“हुरडा सोडून कुठं चालल्या?”

“स्टेशनावर.”

“कोन येनार हाये?”

“कोणी नाही.”

यावर तो माझ्या चपला पुढे सरकवतो. पोरगं गुणी आहे.

आमच्या स्टेशनाचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण तिथे उतरायचं म्हटलं तरी तुम्हाला उतरता येणार नाही. रांजणी आणि परतूरच्या मधे कुठेतरी आहे, एवढं पुरे. स्टेशन आहे, मास्तर आहेत, सिग्नल आहेत, वर आता विजेच्या ताराही आल्या. गाडी तेवढी थांबत नाही. साथीच्या वर्षी सगळ्याच गाड्या बंद पडल्या, आणि आमची पॅसेंजर पुन्हा सुरू झाली ती एक्स्प्रेस होऊन. डबे तेच, खिडक्या त्याच, वेगही बघा-बघा म्हणावं असा काही वाढलेला नाही. थांबे मात्र गाळले, त्यात आम्ही गेलो. तालुक्याच्या गावी राहायला गेलेला माणूस बाजारात दिसला की जसा नजर चुकवून पुढे जातो, तशी ती आता आमच्या पुढून जाते. कुणाला दोष देऊन काय करता? गावातल्या पोरांकडे मोटरसायकली आहेत, आणि चढणाऱ्यांत शेवटी शेवटी आम्ही चार म्हातारी माणसंच उरलो होतो.

मी तिथे बाकावर बसते. सव्वादहाच्या पुढेमागे गाडी येते आणि धडधडत निघून जाते. पानं, कागद, धूळ असं सगळं थोडं तिच्या मागे धावतं आणि थांबतं. अगदी शेवटच्या डब्याच्या दारात एक माणूस हिरवा झेंडा धरून उभा असतो. परवा एक मुलगी उभी होती, असेल पंचविशीची. त्यांना आता गार्ड म्हणत नाहीत, ट्रेन मॅनेजर म्हणतात असं मास्तरांनी सांगितलं. म्हणू देत. झेंडा मास्तरांना दाखवायचा असतो, मला नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी त्या एका क्षणासाठी मी पदर सारखा करून बसते. माझे बाबा गार्ड होते.

आमच्या घरात रेल्वे दोन पिढ्यांची. आजोबा निजामाच्या अमलात रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, होते. त्यांच्या तोंडी गाडीचा उल्लेख नेहमी ‘सरकारची गाडी’ असा असायचा, आणि सरकार म्हणजे कुणीतरी फार लांबचा, ज्याच्यासमोर मान वर करायची नाही असा मालक. मग निजामाचं राज्य गेलं आणि गाडी देशाची झाली. त्याच सुमाराला बाबा नोकरीला लागले, वीस वर्षांचे असताना. ‘देशाची’ हा शब्द त्यांनी जितका मनावर घेतला तितका दिल्लीतही कुणी घेतला नसेल. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत आमचं क्वार्टर होतं. तिथल्या गल्लीतली पोरं स्टेशनावरून फुकट परभणीला जाऊन यायची. मला मात्र अर्धं तिकीट काढूनच बसावं लागे. मी चिडून विचारायची, “गाडी आपली आहे ना, मग तिकीट कशाला?” बाबा म्हणायचे, “आपली हाये म्हनूनच काढायचं. दुसऱ्याची असती तर एखांद्या वेळी बुडवलं असतं.” आई मी नववीत असताना गेली. त्यानंतर क्वार्टरमध्ये आम्ही दोघं आणि कोपऱ्यात त्यांची ती काळी पत्र्याची पेटी. तिच्यात झेंडे, शिट्टी, कंदील. ड्यूटीवर जाताना ते रोज तीच पेटी नव्याने भरायचे आणि मी पायरीवर बसून बघायची.

एकविसाव्या वर्षी माझं लग्न झालं ते या गावात. शेतकऱ्याचं घर, तीस एकर कोरडवाहू, शेताचा एक बांध रुळाच्या कुंपणाला लागलेला. स्थळ बघताना बाबांनी जमीन, विहीर, बैल काही नीट पाहिलं नाही. घरापासून स्टेशन दीड फर्लांगावर आहे, आपली गाडी या वाटेवर चालते, एवढं पाहिलं आणि हो म्हणाले. दर तिसऱ्या दिवशी लेक दिसेल असा त्यांचा हिशेब. तो बरोबरच होता. फक्त एक गोष्ट त्यांनी मोजली नव्हती, आणि मीही नाही.

आमच्याकडे रीत आहे. लेकीला लेकरू होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न खाऊ नये, पाणीसुद्धा पिऊ नये. लेक दान दिलेल्या घरचं परत कसं घ्यायचं? नातू-नात झाली की मग ते नातवंडाचं घर होतं, आणि बाप मांडी घालून जेवतो. बहुतेकांच्या बाबतीत हा एक-दोन वर्षांचा मामला असतो. त्यातही थट्टामस्करी चालते, जावयाला चिमटे काढतात. आमच्याकडे दुसरं वर्ष गेलं, तिसरं गेलं, चौथं गेलं. थट्टा हळूहळू बंद झाली. थट्टा बंद झाली की समजावं, लोक आता गंभीरपणे बोलायला लागलेत, फक्त आपल्यासमोर नाही.

गाडी आमच्या स्टेशनावर एक मिनिट थांबायची. तेव्हा मीटरगेज होतं, कोळशाचं इंजिन. मी आधीच फलाटाच्या टोकाला, जिथे शेवटचा डबा येतो तिथे उभी असायची. बाबा पांढऱ्या ड्रेसमध्ये उतरायचे, पुढे बघायचे, मागे बघायचे, मग माझ्याकडे. “बरी हायेस?” “हो. तुम्ही?” “बराबर.” तेवढ्यात शिट्टी. असं आमचं बोलणं एकेका मिनिटाचं. आईविना वाढलेल्या मुलीला बापाशी बोलायला किती असतं, ते मी त्या एका मिनिटात कोंबायला बघायची आणि प्रत्येक वेळी भाजीचा भाव सांगून परत यायची.

लग्नाच्या सहाव्या वर्षीचा हिवाळा. वेळापत्रकात काहीतरी बदल झाला आणि सकाळच्या पॅसेंजरचं एका मालगाडीशी क्रॉसिंग आमच्या स्टेशनावर पडायला लागलं. एकेरी मार्ग, त्यामुळे समोरून येणारी मालगाडी निघून जाईपर्यंत पॅसेंजरने बाजूच्या रुळावर उभं राहायचं. वीस मिनिटं, कधी पंचवीस. उतारू वैतागायचे, खिडकीतून माना काढून मास्तरांच्या नावाने बोटं मोडायचे. जगात एकटी मी अशी होते की मालगाडीला उशीर व्हावा म्हणून देवाला हात जोडत होते. आणि नेमकी कणसं हुरड्याला आलेली. आगटी पेटवायची कुंपणाच्या अलीकडे, आमच्या बांधावर. गाडीचा धूर लांबून दिसला की कणसं विस्तवात खुपसायची. चोळून, पाखडून, सुपात घेऊन तारेखालून वाकून पळत फलाटावर. हुरडा गार झाला की त्यात काही राम नाही. तो हाताला चटका देतो तेव्हाच खायचा असतो.

पहिल्या दिवशी मी सूप पुढे केलं. घेतील की नाही? बाबांनी सुपाकडे पाहिलं, फलाटाकडे पाहिलं. फलाट कसला, मुरमाचा ओटाच तो. मग पायाने जमीन ठोकून म्हणाले, “ही जागा कोनाची?”

“रेल्वेची.”

“म्हंजे सरकारची. म्हंजे देशाची. तुज्या सासरची न्हाई.” आणि मुठीने हुरडा उचलला.

त्या दिवसापासून आमची ती जागा झाली. गार्डाच्या डब्यासमोरचं बाक. पण कायदा तो कायदा. दुसऱ्या खेपेला बाबांनी विचारलं, “फलाटाचं तिकीट काढलंस?” मी हसले. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. आमच्या स्टेशनावर फलाटाचं तिकीट आजवर कुणी मागितलेलंच नव्हतं. मास्तरांनी सगळे कप्पे उपसले, सापडलं नाही. मग बाबा म्हणाले, पुढच्या स्टेशनाचं दे. तेव्हापासून मी हुरडा घेऊन जायच्या आधी रांजणीचं पुठ्ठ्याचं तिकीट काढायची आणि रांजणीला कधीच जायची नाही. मास्तर खिडकीतून तिकीट सरकवत म्हणायचे, “पोहचलात की कळवा.”

पंधरा-सोळा भेटी असतील त्या सगळ्या मिळून. एवढ्याच. पण वीस मिनिटांत किती मावतं हे मला तेव्हा कळलं. जवसाची चटणी, लसणाची चटणी, गुळाचा खडा, कधी वांग्याचं भरीत आणि भाकरी. बाबा खायचे तेव्हा एक डोळा सिग्नलवर असायचा. बोलताना मधेच थांबून कान द्यायचे, मालगाडी किती लांब आहे ते त्यांना रुळाच्या आवाजावरून कळे. त्या वीस मिनिटांत त्यांनी मला आईबद्दल सांगितलं, जे सहा वर्षांत नाही, त्याआधीही कधी सांगितलं नव्हतं. आईला गाडीत बसलं की मळमळायचं. गार्डाची बायको, आणि आयुष्यात चारदा गाडीत बसली. एवढी साधी गोष्ट, पण मला ती माहीत नव्हती. मी ती दिवसभर मनात घोळवत कापसाच्या पऱ्हाट्या उपटत होते, आणि मला किती बरं वाटत होतं ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

गावाला मात्र हे बघवेना. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, तोंडाने फटकळ आणि मनाने खऱ्या. विहिरीवर कुणीतरी त्यांना टोमणा मारला. त्या सरळ डोक्यावर पदर घेऊन स्टेशनावर आल्या. बाबांच्या तोंडात घास होता.

“इवाई, गाव हसून राह्यलं आमाला. म्हनतेत, सुनंच्या बापाला फलाटावर वाढतेत, घरात घेत न्हाईत. घर का लांब हाये? हे इथं तर हाये.”

बाबा उठून उभे राहिले. “इनबाई, राग मानू नका. रीत हाये. मोडली तर लेकीलाच बाधंल, असं वाटतं मानसाला.”

“मंग हितं खाल्लेलं चालतं?”

“ही सरकारची जागा. हितं तुमचं चालत न्हाई आन् माजंबी.”

“सरकारला काय सांगायचं ते मी सांगते,” आत्याबाई म्हणाल्या. पण मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. सुपात पाहून म्हणाल्या, “चटनी कमी आनली ग तू.” त्यानंतर दर खेपेला चटणी त्याच वाटायच्या. रीत मोडायची नाही आणि पाहुण्याला उपाशीही ठेवायचं नाही. बाईने आपल्या परीने वाट काढली.

माझी वाट मात्र निघत नव्हती. मला हुरड्याचं काय कौतुक? मला बाबा घरात हवे होते. माझ्या ओसरीवर, भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेले. मी ताट पुढे ठेवतेय आणि त्यांना सिग्नलकडे बघायची घाई नाही, असे. तसे ते बसत नव्हते, आणि का बसत नव्हते ते माझ्या पोटावर लिहिलेलं सगळं गाव वाचत होतं. दर तिसऱ्या दिवशी त्यांचं न येणं मला तेच सांगायचं. एके दिवशी मी विचारून टाकलं.

“बाबा, आणि मला मूल झालंच नाही तर?”

ते सुपातून मूठ भरून घेत होते. “असं बोलू न्हाई.”

“पण नाहीच झालं तर? माझ्या घरी कधीच पाणी पिणार नाही?”

त्यांनी मुठीतला हुरडा तोंडात टाकला. मग हसल्यासारखं करून म्हणाले, “रेल्वे का कुठं पळून चालली? फलाट हाये की.”

धीर द्यायला म्हणाले असतील. मला ते झोंबलं. जन्मभर असंच, बाकावर, पुठ्ठ्याचं तिकीट काढून, असं मला ऐकू आलं. त्या रात्री मी ठरवलं की पुढच्या खेपेला जायचंच नाही. घरी ताट वाढून बसायचं. भूक लागली तर येतील. दीड फर्लांग तर आहे.

आता विचार करते तेव्हा माझीच मला लाज वाटते. गार्ड गाडी सोडून जात नाही, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलेलं होतं. आई गेल्याचा निरोप बाबांना वाटेतल्या एका स्टेशनावर मिळाला. बदली गार्ड पुढच्या मोठ्या स्टेशनावर होता. तिथपर्यंत त्यांनी गाडी नेली, झेंडा दाखवत, वेळा लिहीत, आणि मगच उतरले. अशा माणसाची मी परीक्षा घ्यायला निघाले होते, आणि तीही वांग्याच्या भरतावर.

त्या दिवशी मी पहाटेच चूल पेटवली. हुरड्याची थालीपीठं, भरीत, कढी, भात. पाट मांडला. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, विचारलं, “तुजे बाबा येनार हायेत का घरी?” मी म्हटलं, “बघू.” शिट्टी ऐकली. गाडी येऊन थांबल्याचं ऐकलं. मालगाडीला त्या दिवशी खरोखरच उशीर झाला, इतके दिवस मागितला होता तो नेमका तेव्हा मिळाला. पंचवीस मिनिटं झाली, तीस झाली, चाळीस झाली. मी उंबऱ्यात उभी राहून रस्ता बघत होते. एकदा पाय बाहेरही टाकला आणि मागे घेतला. हट्ट हा असा असतो, तो आपल्यालाही कळतो आणि तरी सुटत नाही. मग मालगाडी गेली. मग पॅसेंजरची शिट्टी झाली. ताट तसंच होतं.

थोड्या वेळाने पॉइंट्समन करीमभाई दाराशी आले. रूळ बदलायचं काम त्यांचं, त्यामुळे गाडी उभी असली की ते तिथेच असायचे. “बेटी, साब पूछ रहे थे, तबीयत ठीक है ना?”

“काही खाल्लं का त्यांनी?”

“नै. चाय बी नै पिये. पूरा टाइम रस्ते की तरफ मुँह करके बैठे थे.”

त्या रस्त्याच्या या टोकाला मी उभी होते आणि त्या टोकाला ते. मधे एक बाभळीचं वळण, म्हणून दिसलो नाही इतकंच.

पुढच्या खेपेला मी सूप घेऊन गेले. “बरी हायेस?” “हो.” एवढंच. त्या दिवशी त्यांनी रोजच्यापेक्षा जास्त खाल्लं. त्यांना काही कळलंच नव्हतं, की सगळं कळून त्यांनी गिळलं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. विचारायचं राहून गेलं, आणि वेळही राहिला नाही, कारण दाणा टणक झाला, हुरडा सरला आणि पाठोपाठ क्रॉसिंगही पुढच्या स्टेशनावर गेलं. पुन्हा एक मिनिट. पुन्हा भाजीचा भाव.

मग वर्षं गेली, ती जातातच. जालन्याचे डॉक्टर झाले, आष्टीचे वैद्य झाले. आत्याबाईंनी पिंपळगावच्या रेणुकाईला नवस बोलला आणि अनवाणी जाऊन आल्या. मूल झालं नाही. हे मला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, ही माझी पुण्याई. बाबा रिटायर झाले. रूळ उखडून रुंद टाकले, कोळशाचं इंजिन गेलं, बाक बदललं, फलाट उंच आणि फरशीचा झाला. पाच वर्षांपूर्वी हे गेले, त्याआधीच आत्याबाई. घर मोठं आहे आणि मी एकटी आहे. संध्याकाळी कढी केली तर ती दुसऱ्या दिवशीही पुरते. एकटेपणाची सवय होते असं लोक सांगतात. मला तर वाटतं सवय होत नाही, फक्त त्याबद्दल बोलायची लाज वाटेनाशी होते. आता माझ्या घरी कुणीही यावं, पाणी प्यावं, जेवावं. अडवणारी रीत उरलेली नाही, कारण जो ती पाळायचा तो माणूसच नाही. पुतण्याचे पाहुणे हात धुवायला येतात आणि तांब्याभर पाणी पिऊन जातात. मी त्यांच्याकडे बघत राहते.

बाबांनी माझ्या घरचं पाणी शेवटपर्यंत प्यायलं नाही. लोकांना वाटतं रीत म्हणून. मी आजवर कुणाला खरं सांगितलं नाही.

रिटायर झाल्यावर ते वर्षा-दोन वर्षांनी यायचे, पास होता. रुंद गाडीतून उतरायचे, घरी यायचे, ओसरीवर बसायचे. पण येताना फिरकीच्या तांब्यात पूर्णेचं पाणी आणि फडक्यात दशम्या घेऊन. आत्याबाई थट्टा करायच्या, “इवाई दुष्काळात निघाल्यागत येतेत.” शेवटी आले तेही हुरड्याच्याच दिवसांत. न कळवता आले. थकले होते. काठी होती हातात. ओसरीवर टेकले, भिंतीला पाठ लावली, पाय लांब केले. मला सहा वर्षं, दहा वर्षं, त्याहून कितीतरी वर्षं जे हवं होतं, अगदी तसे बसले. आणि म्हणाले, “सुमन, पानी दे ग जरा.”

मी पाहिलं. तांब्या आणलेला नव्हता. फडकंही नव्हतं. विसरले नव्हते ते. पेटी भरताना शिट्टीसुद्धा कधी न विसरलेला माणूस. घरातून निघतानाच ठरवून आले होते की आता लेकीच्या घरी पाणी प्यायचं. का प्यायचं, तेही ठरवलंच असणार. इतकी वर्षं ते माझ्या घरी पाणी पीत नव्हते याचा मी राग राग केला. पण त्याचा अर्थ ते अजून वाट बघत होते असा होता, हे मला त्या क्षणी कळलं. सगळ्यांनी वाट बघणं सोडून दिलं होतं, डॉक्टरांनी, ह्यांनी, मीसुद्धा. एक बाबा तेवढे थांबले होते. आणि आता तेही पाणी मागत होते.

आत्याबाईंचा चेहरा उजळला. “आनते, आनते इवाई,” म्हणत त्या उठल्या.

मी म्हटलं, “घरात पाणी नाही.”

दारात आलेल्या परक्यालाही कुणी असं म्हणत नाही. आत्याबाई जागच्या जागी थांबल्या. हंडे त्यांनीच सकाळी भरले होते, ओसरीतून दिसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच खाली बसल्या आणि बाबांकडे न बघता म्हणाल्या, “व्हय इवाई. आज आडाला पानीच न्हाई आलं.”

बाबांनी काठी ओढून घेतली. तिच्या आधाराने उठले. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघं दीड फर्लांग चालत स्टेशनावर गेलो. फलाटाच्या टोकाला रेल्वेचा हापसा होता. मी हापसत राहिले आणि बाबा ओंजळ धरून पीत राहिले, तहान खूप लागली होती त्यांना. पिऊन झाल्यावर उपरण्याने तोंड पुसलं आणि माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला.

“वय कुठं गेलं तुजं अजून,” ते म्हणाले. “व्हईल की.”

मी म्हटलं, “हो बाबा.” मला त्रेचाळिसावं लागलं होतं.